राखीव दोडका

गच्चीवरच्या वेलाला लागलेल्यांपैकी सर्वांत देखणा दोडका बियाण्यासाठी राखायचा, असे मी भर श्रावणात जाहीर केले, तेव्हा घरात भाजीला दुसरे काही नव्हते. आईने वेलाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि "शिरांची चटणी काय सुरेख झाली असती," एवढेच म्हणाली. मी देठाला लाल दोरा बांधला. दोरा बांधलेले फळ तोडायचे नाही, असा माझा समज होता. घरातल्यांना मात्र ती 'हाच तोडा' अशी खूण वाटत असावी, कारण पुढचे दोन महिने कामावरून आल्यावर चहाच्या आधी दोडक्याची हजेरी घेणे मला भाग पडले.

बियाणे धरणे सोपे आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी टोमॅटोचा गर आंबत ठेवून पाहावा. बीभोवतीचा बुळबुळीत थर सुटण्यासाठी तो दोन-तीन दिवस तसाच ठेवावा लागतो, त्यावर पांढरी साय धरते आणि स्वयंपाकघरात कोणी फिरकत नाही. चांगले बी तळाशी बसते, हे मी समजावून सांगेपर्यंत पत्नीने भांडे मोरीत रिकामे केले होते. शिवाय रोप संकरित असल्यास पुढची पिढी आईबापांवर जाईलच असे नाही, हे ऐकून तिने आमच्या चिरंजीवांकडे ज्या नजरेने पाहिले, तिचे वर्णन मी टाळतो.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभारली आणि २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली, हा दाखलाही मी दिला. "त्यांच्याकडे दोडका एकच नसेल," आई म्हणाली.

दिवाळीच्या सुमारास दोडका वेलावरच वाळून तपकिरी आणि हलका झाला. कानाशी धरून हलवला, तर आत खुळखुळा वाजे. एके सकाळी त्याच्या टोकाची इवलीशी टोपी निखळली आणि चपट्या काळ्या बिया माझ्या ओंजळीत सांडल्या. मी त्या राखेत घोळवून डब्यात भरल्या. संध्याकाळी डबा निम्मा रिकामा होता. आईने शेजारच्या काकूंना बिया वाटल्या होत्या.

"त्या लावतील, दोडके देतील," ती म्हणाली, "आणि त्यांना दोरा बांधलेला नसेल."