'हौशी बायका' आणि हायड्रेंजिया: एका प्रतिक्रियेला उत्तर

'कृषिमित्र' यांस,

नमस्कार. हायड्रेंजिया या निळ्या-गुलाबी फुलझाडावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं वाचलं. इतरांसाठी ते आधी थोडक्यात देते, नाहीतर मीच तुमच्या तोंडी भलतं घातलं असं व्हायचं. तुमचं म्हणणं असं: कोल्हापूरच्या काळ्या मातीत चुनखडी, वर बोअरचं जड पाणी, तिथं लेखात सांगितल्यासारखी तुरटी घालून फूल निळं होत नाही. लेखातला निळा फोटो झाड नर्सरीतनं आणल्या आणल्या काढलेला दिसतो. छाटणी कधी करायची ते दिलेलं नाही. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं: "तुमच्यासारख्या हौशी बायका चार ओळी लिहितात आणि लोक महागडी रोपं आणून मारतात."

बाकीचं नंतर. आधी या वाक्याचं बघू.

हौशी म्हणालात, माझी हरकत नाही. हौस नसती तर एप्रिलच्या उन्हात कुंड्या इकडून तिकडं कोण सरकवेल? पण 'बायका' मध्ये कुठून आल्या? हाच लेख एखाद्या भाऊसाहेबांनी लिहिला असता तर तुम्ही 'हौशी पुरुष' लिहिलं असतं का? मुळीच नाही. 'सर, एक शंका आहे' असं सुरू केलं असतं.

आणि काळ्या मातीचं तुम्ही मला सांगता? माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. ऊस, पाट, पुन्हा ऊस. पाण्याचा अतिरेक होऊन क्षार वर फुटलेली, पांढरी पडलेली जमीन शाळेला जाता-येता बघत मी मोठी झाले. सामू (म्हणजे pH, माती किती आम्ल ते सांगणारा आकडा) हा शब्द कानावर पडण्याच्या कितीतरी आधी वडील ढेकूळ हातात फोडून जमीन कशी आहे ते सांगायचे. तुमच्याकडं पदवी असेल. मातीत हात घालायला ती लागत नाही.

'रोपं मारतात' म्हणता, तर ती कशानं मरतात तेही ऐका. माझ्या चार ओळींनी नाही. दुपारी एकच्या सुमारास हायड्रेंजियाची पानं ओल्या रुमालासारखी लोंबतात. फांदी ताठ असते, फक्त पान खाली. लोक घाबरतात आणि बादली ओततात. माती आधीच ओली असते, मुळं गुदमरतात, कुजतात. कुंडीत बोट दोन पेरं घालून बघायचं. ओल लागली तर पाणी द्यायचं नाही, ऊन उतरलं की पान आपोआप उभं राहतं. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली, एवढं सांभाळलं तर निम्मं काम झालं. हे सगळं माझ्या लेखात होतं. तुम्ही तिथवर वाचलंत की फोटो बघूनच लिहायला बसलात?

आता तुरटी. माझं झाड काळ्या मातीत नाहीच! कुंडीत आहे, पन्हाळ्याकडच्या तांबड्या मातीत, पालापाचोळ्याचं खत मिसळून. रंग ठरतो तो झाडाला मिळणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमवर. सामू साडेपाचच्या खाली असला की ते झाडाला उचलता येतं आणि फूल निळं होतं, साडेसहाच्या वर गुलाबी, मधे जांभळट. पांढऱ्या जातीला यातलं काही लागू नाही. तुरटीत अ‍ॅल्युमिनियम असतं, म्हणून तुरटी. निळा हवा असेल तर बोनमील (हाडांचा चुरा) घालू नका, त्यातलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, ते अ‍ॅल्युमिनियम अडवून ठेवतं.

एक मात्र मान्य, तुरटीचं प्रमाण द्यायला हवं होतं. लिटरभर पाण्यात चहाचा पाऊण चमचा, आणि तेही ओल्या मातीत. जास्त झालं तर मुळं भाजतात. बघा, योग्य ते मी मान्य करते.

फोटो पहिल्या हंगामातला आहे, तो लपवलेला नाही. यंदाची फुलं जांभळट आली आहेत, थोडी गुलाबीकडं झुकलेली म्हणा हवं तर. पण जांभळ्यात निळा असतोच की. बोअरच्या पाण्याचा विषय मोठा आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. इथं फाटे फोडत नाही.

छाटणीचं म्हणाल तर फुलं सुकली की लगेच, जूनच्या पावसाआधी. दिवाळीनंतर कात्री लावू नका. मोठ्या पानाच्या जातीत पुढच्या फुलांचे कळे जुन्या फांदीच्या टोकाला आधीच धरलेले असतात, ते कापले तर वर्षभर नुसती पानं. झालं समाधान?

तुमची प्रतिक्रिया काढून टाका असं दोघी-तिघींनी सुचवलं. मी काढणार नाही, राहू दे तिथंच. पुढचं जे लिहाल ते स्वतःच्या नावानं लिहा. 'कृषिमित्र' या नावाला माझं हे शेवटचं उत्तर.