आडात नाही ते डबीत कुठून येणार?

प्रवास करत काम करणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो तिघांकडून आला, तिसऱ्याने तर 'तुझ्या कामाचं' असंही वर लिहिलं होतं. मजकूर थोडक्यात असा: 'हॉटेलच्या वायफायला रामराम ठोका. खिशात मावणारा पोर्टेबल हॉटस्पॉट घ्या. रेंज फोनच्या दुप्पट, वेग १५० एमबीपीएस, दहा जण जोडा, पूर्ण सुरक्षित, एकच सिम जगभर, फोनची बॅटरीही वाचते. डोंगरात बसा नाहीतर समुद्रकाठी, ऑफिसला कळणारसुद्धा नाही.'

मी स्वतः चार वर्षं अशी हॉटस्पॉटची डबी वापरतेय आणि आजही ती बॅगेत आहे. तेव्हा डबीशी माझं वैर नाही. पण हा मेसेज वाचून कुणी आडगावात महिनाभराची खोली घेतली तर पहिल्याच सोमवारी डोक्याला हात लावून बसेल. म्हणून एकेक दावा घेते.

'रेंज फोनच्या दुप्पट.' सपशेल खोटं. डबी नेट तयार करत नाही. तिच्या आत एक सिम, टॉवरशी बोलणारा एक मोडेम आणि एक छोटा वायफाय राउटर असतो, बस्स. फोनला ज्या टॉवरवरून नेट मिळतं, त्याच टॉवरकडे तीही हात पसरते. नेहमीच्या ४जी बँडवर, म्हणजे फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्यांवर, अशा उपकरणाने जास्तीत जास्त साधारण २०० मिलिवॅट ताकदीने बोलावं असं मानकच आहे, आणि ते फोनला आणि डबीला सारखंच लागू आहे. (काही बँडवर दुप्पट ताकदीची मुभा आहे, पण तीही दोघांना.) टॉवर मात्र कितीतरी वॅटने बोलतो. त्यामुळे रेंज कमी पडली की आधी आपली बाजू गळते. मीटिंगमध्ये आपल्याला सगळ्यांचं नीट ऐकू येत असतं आणि तिकडून मात्र 'अगं, तुझा आवाज तुटतोय' सुरू होतं.

खरी फसगत करतात त्या लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या वायफायच्या कमानी. एकदा अशाच एका डोंगरातल्या खोलीत माझ्या सगळ्या कमानी भरलेल्या होत्या आणि साधी मेल जाईना. अर्धा तास मी लॅपटॉप बंद-चालू करण्यात घालवला. त्या कमानी सांगत होत्या लॅपटॉप ते डबी हे हातभर अंतर. डबी ते टॉवर या मैलांच्या रस्त्याबद्दल त्यांना काही माहीतच नव्हतं. शेवटी ब्राउझरमध्ये डबीचं सेटिंगचं पान उघडलं. सिग्नलची ताकद, म्हणजे आरएसआरपी, उणे ११४ डीबीएम. हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. डबी उचलून खिडकीच्या कठड्यावर ठेवली, तर उणे १०१. हा हिशोब दर दहाला दहापट असा चालतो, म्हणजे तेराच्या फरकात सिग्नल जवळजवळ वीसपट झाला. मीटिंग पार पडली. (काचेवर धातूचा पातळ लेप असेल तर खिडकी उघडायलाच हवी, अशी काच बराचसा सिग्नल बाहेरच अडवते.)

फोन त्या कठड्यावर ठेवला असता तर त्यालाही साधारण तेवढंच मिळालं असतं. पण मग ओटीपी आला की ऊठ, फोन वाजला की ऊठ. डबीचं सगळं मोल इथे आहे: ती रेंज असेल तिथे पडून राहते आणि आपण खुर्ची असेल तिथे बसतो. मेसेजमध्ये याबद्दल अवाक्षर नाही.

'वेग १५० एमबीपीएस.' हा आकडा खोक्यावर खरंच छापलेला असतो. तो 'कॅटेगरी ४' मोडेमची कागदावरची कमाल आहे, तीही डाउनलोडची. अपलोडची कागदावरची कमाल ५०. आणि टॉवरची जागा तुमच्या एकट्याच्या नावावर नसते, संध्याकाळी आख्खा गाव व्हिडिओ बघत असतो. वर आणखी एक गंमत: स्वस्तातल्या डब्यांत अजून हाच मोडेम असतो, तर चांगल्या फोनमधले मोडेम त्याच्या कधीच पुढे गेलेत. म्हणजे अनेकांच्या बाबतीत फोनच डबीपेक्षा वेगवान निघेल.

मुळात १५० लागतात कुणाला? झूमवर दोघांच्या ७२०पी व्हिडिओ कॉलला १.२ एमबीपीएस जायला आणि तेवढेच यायला पुरतात. मात्र ते सलग मिळायला हवेत. आणि डेटा मोजा: दोन्ही बाजू धरून तासाला एक जीबीच्या आसपास. दिवसात चार तास मीटिंगा असतील तर चार जीबी गेले. 'अनलिमिटेड' पॅकच्या बारीक अक्षरांत मर्यादेनंतर वेग किती उतरतो हे दिलेलं असतं, आणि त्या वेगावर बऱ्याचदा चेहरा सोडा, आवाजही नीट जात नाही.

दहा जण जोडण्याचं म्हणाल तर जोडा की. पोहरा एकच आहे.

'पूर्ण सुरक्षित.' निम्मं खरं. अनोळखी लोकांसोबत एकाच वायफायवर बसण्यापेक्षा स्वतःचं वायफाय नक्कीच बरं. पण वायफायचा पासवर्ड बहुधा डबीवरच चिकटवलेला असतो, सेटिंगच्या पानाचा पासवर्ड बहुतेकांनी आयुष्यात बदललेला नसतो आणि स्वस्त डब्यांना अपडेट क्वचितच येतात. ऑफिसचा व्हीपीएन, म्हणजे ऑफिसपर्यंतचा कुलूपबंद मार्ग, चालूच ठेवायचा.

'एकच सिम जगभर.' इथे मेसेज लिहिणाऱ्याने फारसा प्रवास केला नसावा अशी शंका येते. लांब पोचणाऱ्या आणि भिंती भेदणाऱ्या खालच्या फ्रीक्वेन्सी सगळीकडे सारख्या नाहीत. युरोपात ८०० मेगाहर्ट्झचा बँड २०, अमेरिकेत बँड १२, १३, ७१. डबीत तो बँड नसेल तर शहरात चालेल आणि गावाबाहेर पडताच मान टाकेल. जुनी ३जी डोंगलं तर अमेरिकेत पेपरवेट म्हणूनच उरलीत. तिथल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी बंद केलं.

रोमिंगच्या सिमचा आणखी एक जाच आहे, पण तो डोळ्यांना दिसत नाही. त्याचा डेटा बहुधा आधी मूळ कंपनीच्या देशात जातो आणि तिथून इंटरनेटवर येतो. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे कंपनी १०,००० किलोमीटरवर असेल तर नुसत्या जाण्यात ५० मिलिसेकंद, जाऊन-येऊन १००, आणि हे बाकी सगळा उशीर धरण्याआधी. आवाजासाठी एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असं आयटीयूची, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची, शिफारस सांगते. तो ओलांडला की माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात.

यातच 'ऑफिसला कळणारसुद्धा नाही' याचंही उत्तर आलं. आयपी पत्ता, म्हणजे नेटवरचा आपला पत्ता, सिमच्या मूळ कंपनीच्या देशाचा दिसतो. सकाळी एका देशातून लॉगिन, दुपारी डबीवरून दुसऱ्या देशातून. आयटीवाल्यांचा भोंगा वाजायला आणखी काय लागतं? मी आता निघण्याआधीच त्यांना कळवते.

'फोनची बॅटरी वाचते.' हे मात्र शंभर टक्के खरं, आणि फोन तापतही नाही. त्यात डबीत फोनपेक्षा वेगळ्या कंपनीचं सिम घातलं तर एक बसलं की दुसरं हाताशी असतं. दोन्हीकडे एकाच कंपनीचं सिम घालणाऱ्यांना मात्र मी हात जोडते.

फक्त फोनची वाचलेली बॅटरी डबीच्या बॅटरीवर काढू नका. माझी पहिली डबी मी महिनोन्महिने चार्जरलाच लावून ठेवली होती. एके दिवशी टेबलावर ठेवली तर डुगडुगायला लागली, बघते तर पाठीचं झाकण फुगून वर आलेलं. आता जी आहे तिची बॅटरी काढता येते आणि टेबलाशी असताना ती नुसत्या चार्जरवर चालते.