मोहाच्या झाडाला फोन बांधला म्हणून ट्रॅप कॅमेरा होत नाही

पंधरा दिवसांत हा मेसेज मला चार ग्रुपवर आला. चौथ्यांदा आला तो आमच्या घरच्याच ग्रुपवर, आणि टाकणारा माझा सख्खा थोरला भाऊ. मजकूर थोडक्यात असा: 'जुना फोन फेकू नका, जंगलाच्या वाटेवर झाडाला बांधा. वनखातं ज्या कॅमेऱ्याला हजारो रुपये मोजतं, तेच काम हा फुकटात करतो. विदेशी शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे. रात्रीसुद्धा चालतो. वाघ दिसला की फोटो लगेच गावाच्या ग्रुपवर टाका, लोकांचे जीव वाचवा. परवानगी लागत नाही, जंगल आपलंच आहे. पुढे पाठवा.'

नुसता पुढे पाठवला असता तर मी दुर्लक्ष केलं असतं. पण भावाच्या नववीतल्या पोराने वाचून तसं करूनही टाकलं. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात, शेतं संपली की जंगल सुरू. पोराने बापाचा जुना फोन प्लॅस्टिकच्या बरणीत घातला, बरणीला भोक पाडलं आणि मोहाच्या झाडाला सुतळीने बांधून आला. मला फोनवर आनंदाने सांगतो, "आत्या, फोटो येऊन राहिले ना!" जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारे वनखात्याचे ते कॅमेरे म्हणजे ट्रॅप कॅमेरे; मी सहा हंगाम त्यांचे सेल आणि कार्डं बदलत जंगलात फिरले आहे. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडून गावी गेले.

आधी ते 'विदेशी शास्त्रज्ञ'. या गोष्टीत तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठातल्या संशोधकांनी 2025 मध्ये जुने स्मार्टफोन पुन्हा कामाला लावले. चार फोन एकमेकांना जोडले, थ्रीडी प्रिंटरवर त्यांच्यासाठी खोकी बनवली आणि ते पाण्याखाली ठेवून समुद्री जीव मोजायला वापरून पाहिले. एका फोनमागे खर्च आला 8 युरोच्या आसपास. काम उत्तम आहे. पण त्यांनी सुरुवातीलाच काय केलं? फोनमधल्या बॅटऱ्या काढून टाकल्या आणि वीज बाहेरून दिली, कारण बॅटरीतली रसायनं गळून निसर्गात जाण्याचा धोका होता. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं एवढंच गाळलं आहे.

दुसरं उदाहरण 'रेनफॉरेस्ट कनेक्शन' या संस्थेचं दिलं जातं. टॉफर व्हाइट नावाच्या अभियंत्याने 2013 च्या सुमारास सुमात्राच्या जंगलात जुने फोन उंच झाडांवर बसवले, भोवती सौरपट्ट्या लावल्या. हेही खरं. मात्र ते फोन बघत नव्हते, ऐकत होते. लाकूडचोरांच्या यांत्रिक करवतीचा आवाज पकडायचा आणि कळवायचं, एवढंच त्यांचं काम. कान म्हणून फोन चांगला आहेच. मेसेज त्याला डोळा म्हणून विकतो.

आता 'तेच काम हा करतो'. नाही करत. ट्रॅप कॅमेरा जवळजवळ सगळा वेळ झोपलेला असतो. जागा असतो तो त्याचा एक छोटा सेन्सर, समोरून उष्ण काही हललं की ओळखणारा. त्याला वीज नगण्य लागते. जनावर आलं की अर्ध्या सेकंदाच्या आत कॅमेरा जागा होतो, फोटो काढतो, परत झोपतो. म्हणून साधे आठ-बारा पेन्सिल सेल कित्येक आठवडे, कधी काही महिने पुरतात. फोनमध्ये असा सेन्सर नाही. ॲप सतत कॅमेरा चालू ठेवून दोन चित्रांत फरक पडला का ते बघत बसतं. पान हललं तरी फरक, सावली सरकली तरी फरक. पोराच्या फोनमध्ये दोन हजारांवर फोटो होते. सागाची फांदी, सागाची फांदी, एक कुत्रा, बकऱ्या, पुन्हा सागाची फांदी.

खरं सांगायचं तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात भर दुपारी तो महागडा सेन्सरसुद्धा फसतो. जमीन आणि जनावराचं अंग सारखंच तापलेलं असलं की त्याला फरक कळत नाही. तेवढी सूट मी मेसेजला देते.

रात्रीचं तर विचारूच नका. ट्रॅप कॅमेरा अवरक्त, म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या, उजेडात बघतो; जनावराला तो पांढऱ्या फ्लॅशइतका जाणवत नाही. फोनच्या कॅमेऱ्यापुढे हाच उजेड अडवणारी गाळणी मुद्दाम बसवलेली असते, नाहीतर दिवसाचे रंग बिघडतील. टीव्हीचा रिमोट फोनच्या मागच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बहुतेक फोनमध्ये दिवा दिसतच नाही किंवा अगदी अंधूक दिसतो. मग उरतो फोनचा पांढरा फ्लॅश. तो दोन-चार हात पुढे जातो आणि जनावर असलंच तर बुजून पळतं.

आणि उष्णता. आयफोन बनवणारी कंपनी स्वतः सांगते की फोन 0 ते 35 अंश तापमानात वापरा. चंद्रपूर जिल्ह्यात एप्रिलमध्ये किती असतं ते मी सांगायला नको. वर बंद बरणी. मी पोहोचले तेव्हा फोन तिसऱ्या दिवसाचं ऊन खात होता. बरणीचं झाकण उघडलं तर आतून वाफाळ, गोडसर वास आला. फोनची पाठ फुगून पडदा एका कडेने उचलला गेला होता, नख जाईल एवढी फट. मी तो फडक्यात धरून आणला आणि अंगणात वाळूच्या बादलीत ठेवला. झाडाखाली काय होतं? मोहफुलं नीट दिसावीत म्हणून झाडून एका बाजूला लावलेला पाचोळ्याचा ढीग, कुरकुरीत वाळलेला. वर ती फुगलेली बॅटरी. आमच्याकडे वणवे कशाने लागतात हे गावातल्या लहान पोरालाही माहीत आहे, आणि मेसेज म्हणतो, जुना फोन फेकू नका, झाडाला बांधा!

वाघ मोजण्याचंही थोडक्यात सांगते, कारण 'गणनेला मदत' असंही एका ग्रुपवर कोणीतरी जोडलं होतं. वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात. म्हणून एका जागी समोरासमोर दोन कॅमेरे लावतात, तेही ठरलेल्या जाळीत, ठरलेल्या दिवसांसाठी. 2018 च्या देशव्यापी गणनेत अशा 26,838 जागा होत्या आणि साडेतीन कोटींच्या आसपास फोटो निघाले. त्यांत वाघांचे 76,651. त्यावरून एक-एक वाघ पट्ट्यांनी ओळखला गेला. एका झाडाला एका बाजूने, कोणाच्या तरी सोयीने बांधलेल्या फोनचा फोटो या कामात कुठेच बसत नाही.

हे सगळं मी पोराला समजावून सोडून दिलं असतं. पण फोटो चाळताना मधेच माणसं आली.

पहाटेचा उजेड. शेजारच्या काकू टोपली घेऊन वाकलेल्या. मग त्यांची सून. मग गावातल्या आणखी तिघी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, एकमेकींशी बोलत. मोहाचा हंगाम म्हणजे बाया अंधारातच निघतात, फुलं पहाटे पडतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. आमच्या गावात त्या वाटेने बाया दुसऱ्याही कारणाने जातात. घरोघरी संडास बांधल्याचं कागदावर आहे; पाणी नसेल तर त्याचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. एक फोटो असा होता की मी फोन उलटा ठेवला. पोरगं मान खाली घालून उभं राहिलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला वाघ हवा होता. पण त्याच्या आधी त्याच्या चुलतभावाने मोह वेचणाऱ्या बायांचा एक फोटो 'बघा आमचा कॅमेरा' म्हणून ग्रुपवर टाकून झाला होता. तो काढायला लावला. किती जणांच्या गॅलरीत तोवर उतरला असेल, ते आता कोण सांगणार?

मी उगाच घाबरवत नाही. हे आधी घडलेलं आहे आणि त्याचा नीट अभ्यासही झाला आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या त्रिशांत सिमलाई यांनी उत्तराखंडातल्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या भोवतालच्या गावांत चौदा महिने राहून 270 लोकांशी बोलून केलेलं काम 2024 मध्ये प्रसिद्ध झालं. तिथले कॅमेरे वाघांसाठीच लावलेले होते, तेही रीतसर. तरी शौचाला गेलेल्या एका बाईचा फोटो निघाला आणि गावातल्या पुरुषांच्या फोनवर फिरला. लोकांनी रागाने कॅमेरे फोडले. त्याहून वाईट पुढे आहे. तिथल्या बाया जंगलात जाताना मोठ्याने गातात, बोलतात, म्हणजे जनावराला चाहूल लागून ते बाजूला होतं. कॅमेऱ्याच्या भीतीने त्यांनी गाणं सोडलं, गुपचूप चालायला लागल्या, ओळखीच्या वाटा टाकून आडवाटांनी जायला लागल्या. अभ्यासात बोललेल्या बायांपैकी एकीचा पुढे वाघाच्या हल्ल्यात जीव गेला.

आमच्या जिल्ह्यात हे वाचून अंगावर काटा येतो. 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. आपल्याकडच्या बायाही जंगलात घोळक्याने, हाका मारत, बडबडत जातात. तीच त्यांची ढाल. आता प्रत्येक दुसऱ्या झाडावर कोणाच्या तरी पोराचा फोन आहे असं त्यांना कळलं तर त्या बोलतील की गप्प होतील? 'लोकांचे जीव वाचवा' लिहिणाऱ्याने याचं उत्तर द्यावं.

आणि वाघाचा फोटो ग्रुपवर टाकायचा म्हणजे काय? जिथे वाघ दिसला तिथे पन्नास मोटारसायकली जमणार. फोटोबरोबर जागाही जाते. 2013 मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्र प्रकल्पातल्या एका वाघाच्या गळ्यात माग काढणारी कॉलर होती; तिची जागा ज्या ई-मेल खात्यावर यायची, ते उघडण्याचा प्रयत्न पुण्यातून झाला होता. हेतू काय होता ते सोडा, पण वाघ कुठे आहे ही माहिती किती जपायची असते ते त्यावरून कळावं. सूचना देणारे कॅमेरे ताडोबाच्या कडेला सीतारामपेठमध्ये वनखात्याने बसवले आहेत, तशी सोय आणखी गावांत व्हावी असं माझंही मत आहे. तिथे कॅमेरा कुठे आहे हे गावाला माहीत असतं आणि इशारा मिळाल्यावर काय करायचं ते ठरलेलं असतं.

'परवानगी लागत नाही' हे साफ खोटं. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात फोटोसाठी किंवा अभ्यासासाठी जायचं तर 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली परवाना लागतो. बाकी वनजमिनीवरही आधी वनरक्षकाला भेटा. 'जंगल आपलंच' म्हणता, तर गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावाकडे बघा. तिथे सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर अख्ख्या गावाचा कायदेशीर हक्क, आहे म्हणून जंगलाचा निर्णय ग्रामसभा घेते, सगळ्यांसमोर, बायांसमोर. एखादं घर परस्पर झाडाला फोन बांधत नाही.

जुना फोन कामाचा नाही असं मी म्हणत नाही. बॅटरी धड असेल तर तो घरात, सावलीत, माणूस शेजारी असताना वापरा. रात्री ओसरीवर पांढरी चादर टांगा, दिवा लावा, फोन समोर टेकवून ठेवा. पावसाळ्याच्या तोंडाला किती जातीचे पतंग येतात ते बघून थक्क व्हाल, आणि ते फोटो 'आयनॅचरलिस्ट' या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेत तर अभ्यासकांना खरोखर उपयोगी पडतात. पहाटे अंगणात पक्ष्यांचे आवाज टिपा. माझा जुना फोन मी पोराला त्यासाठीच देऊन आले.

फुगलेला फोन मी नागपूरला आणून ई-कचरा घेणाऱ्याकडे दिला. त्याआधी काकूंच्या आणि बाकीच्या चौघींच्या घरी पोराला घेऊन गेले, फोटो त्यांच्यासमोर पुसले. काकूंनी एवढंच विचारलं, "आणखी कोण्या झाडाले आहे का बाई?" दादा, तू अजून तो मेसेज ग्रुपवरून काढलेला नाहीस. आज काढ. आणि ज्यांना पुढे पाठवलास त्यांना फोन करून सांग.