हलला का?

आज सकाळी लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला विचारलं, "काय हो, हलला का?" लिफ्टमध्ये आणखी तिघं होती. तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. त्यातल्या एकाने तर थेट पायांकडे. मी "हो" असं काहीतरी पुटपुटलो आणि तळमजला येईपर्यंत बटणांवरचे आकडे वाचत राहिलो.

ही बातमी इमारतभर कुणी केली ते मला पक्कं ठाऊक आहे.

मला आकाशाचे फोटो काढायचा नाद आहे. पृथ्वी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत स्वतःभोवती फिरते, त्यामुळे आकाश दर सेकंदाला १५ विकला सरकतं. विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग. दुर्बीण ज्या मोटरवाल्या बैठकीवर बसते ती, म्हणजे माउंट, दुर्बिणीला उलट फिरवून हे सरकणं भरून काढतो, पण त्याच्या दातेरी चाकांना थोडी लहर असते. म्हणून मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर एक बोटभर दुर्बीण बसवायची, तिच्या कॅमेऱ्याने एका ताऱ्यावर पाळत ठेवायची आणि तो जरा घसरला की सॉफ्टवेअरने माउंटला टोचणी द्यायची. याला म्हणतात ऑटोगायडिंग. मात्र त्याआधी सॉफ्टवेअरला शिकवणी लागते: माउंटला पश्चिमेला ढकललं की तारा कॅमेऱ्यात कुठे आणि किती जातो, परत पूर्वेला, मग उत्तरेला, मग दक्षिणेला. हे कॅलिब्रेशन. पाच मिनिटांचं काम. माझी तिसरी रात्र होती.

सॉफ्टवेअरचं नाव पीएचडी. पदवीशी संबंध नाही, 'पुश हिअर डमी'चं ते लघुरूप आहे; म्हणजे 'मठ्ठा, इथे दाब'. यातला मठ्ठ कोण हे मला पहिल्याच रात्री कळलं होतं. कुठे दाबायचं ते कळत नव्हतं.

गच्चीवर अंधारात मी लॅपटॉपपुढे उकिडवा बसलो होतो. दुर्बीण मृगातल्या बाणावर. तिथला एक तारा जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या रेषेवर आहे आणि कॅलिब्रेशन तिथेच करावं असं शास्त्र सांगतं. तेवढ्यात जिन्याचं दार वाजलं आणि वरच्या मजल्यावरचे काका अवतरले. काका चालतात तेव्हा गच्चीही थोडी चालते. पडद्यावरचा तारा थरथरायला लागला. मी "काका, सावकाश" म्हणेपर्यंत त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावून बरोबर छोट्या दुर्बिणीच्या तोंडात मारला. लॅपटॉप टुंग करून ओरडला.

"काय झालं?"

"तारा हरवला."

काकांनी मान वर केली. "तो काय, तिथेच तर आहे."

टॉर्च बंद करवून मी कॅलिब्रेशन पुन्हा लावलं. काका माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. पश्चिमेला ढकल, ढकल, ढकल. मग तीच लाल पट्टी. काकांनी चष्मा लावून मोठ्याने वाचली: "स्टार डिड नॉट मूव्ह इनफ. म्हणजे?"

"तारा पुरेसा हलला नाही."

"हे यंत्र आणलंत कशासाठी?"

"तारा हलू नये म्हणून."

"आणि तक्रार काय आहे?"

"तारा हलत नाही."

काका गप्प झाले. मग अगदी प्रेमाने म्हणाले, "अहो, मग पैसे वसूल झाले की!"

याला उत्तर आहे. ते मी दिलंही, हातवारे करून, दहा मिनिटं. ते चालू असताना काकांनी तोडगा काढला. "ध्रुवावर लावा. अढळ आहे. उगाच हलणाऱ्याच्या मागे कशाला लागायचं?" मी म्हटलं, ध्रुवाजवळ तर मुळीच नको. विषुववृत्तावरचा तारा पूर्व-पश्चिम ढकललात की पुरता सरकतो, ६० अंशांवरचा निम्माच आणि ध्रुवापाशी जागच्या जागी घुटमळतो. शिवाय ध्रुवतारा अढळ वगैरे काही नाही. तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशाहून थोडा कमी अंतरावर आहे आणि रोज त्याच्याभोवती चक्कर मारतो.

काकांना हे लागलं. लहानपणी मांडीवरून ढकललेल्या त्या पोराचं अढळपद मीच हिसकावून घेतल्यासारखे ते माझ्याकडे बघत होते. मला तिथेच थांबता आलं असतं. पण तीन रात्रींच्या जागरणाने माणूस दुष्ट होतो. मी सांगितलं की पृथ्वीचा अक्ष डोलतो, आणि साधारण १२,००० वर्षांनी ध्रुवताऱ्याचा मान अभिजितकडे जाईल.

"तोपर्यंत तुमचं हे जमलेलं असेल ना?" काका म्हणाले, आणि मोबाइल काढून दोन्ही हातांनी वर धरला. त्यांनी मृगाचा फोटो काढला. तीन ठिपके, थोडे हललेले. इमारतीच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत सव्वीस अंगठे आले, मी मोजले. गेल्या महिन्यात मी मृगातल्या तेजोमेघाचा फोटो टाकला होता. सुमारे तेराशे प्रकाशवर्षांवरचा प्रकाश, तासन् तास गोळा केलेला. त्याला दोन अंगठे. एक माझाच होता. त्याखाली लगेच पाण्याचा पंप बिघडल्याची सूचना आली आणि तिच्यावर मात्र लांबलचक चर्चा झाली. चित्रकला वाईट असली तरी निदान चित्र तरी दिसतं, तबला वाईट असला तरी आवाज तरी येतो. या छंदात रात्र जाते आणि हातात राहते एक लाल पट्टी, तीही 'तुम्हाला बरं वाटत नाहीये' असं निदान करणाऱ्या डॉक्टरसारखी.

काका गेल्यावर मी सगळं पुन्हा तपासलं. माउंटचा अक्ष ध्रुवाशी जुळवला, तोल साधला, केबल बदलली. तारा खरा तारा आहे ना हेही पाहिलं, कारण पहिल्या रात्री मी तासभर कॅमेऱ्यातल्या एका हॉट पिक्सेलवर पाळत ठेवली होती. तो सेन्सरवरचा डाग, कशाला हलेल? आलेख इतका सरळ आला होता की मी त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता.

पावणेएक वाजता दिसलं. छोट्या दुर्बिणीची फोकल लेन्थ, म्हणजे भिंगापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर, १२० मिलिमीटर. सॉफ्टवेअरमध्ये मी भरली होती १२००. या आकड्यावरून सॉफ्टवेअर एका ढकलीची लांबी ठरवतं. एवढ्या लांब दुर्बिणीत जरासं ढकललं तरी तारा खूप सरकेल, असा त्याचा हिशेब. म्हणून प्रत्येक ढकल दहापट लहान. तारा बिचारा हलतच होता. पुरेसा नव्हता, एवढंच. एका शून्यापायी तीन रात्री. मी माउंटला, केबलला आणि तैनातीला असलेल्या प्रत्येक स्क्रूला ज्या शिव्या घातल्या त्या आता परत घेता येत नाहीत.

शून्य खोडलं. पश्चिम, पूर्व, उत्तर, दक्षिण, सगळं झालं. आणि मृग पाण्याच्या टाकीमागे गेला.

तरी वाईट वाटलं नाही. छोट्या दुर्बिणीवरचा गाइड कॅमेरा जागचा फिरला नाही तर तेच कॅलिब्रेशन पुढच्या रात्रीही चालतं. मी सामान आवरत होतो तेवढ्यात दार वाजलं. काकांना झोप येत नव्हती. "एकटे किती उचलाल? द्या इकडे," म्हणत त्यांनी दुर्बीण माझ्या हातून घेतली, गाइड कॅमेरा मुठीत घट्ट धरून, कढईचा कान धरावा तशी. दोन मजले खाली आणली. दारात ठेवताना मी पाहिलं, कॅमेऱ्याची केबल वर होती ती आता भिंतीकडे बघत होती.

तर काकू, हो. हलला.