१०० टक्के अचूक? जरा थांबा

'एआय एमआरआय बघून सहा वर्षं आधीच अल्झायमर सांगतो, १०० टक्के अचूक' हा मेसेज परत फिरतोय. अहो, मूळ काम २०१८ चं, सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातलं, आणि त्यात एमआरआय नव्हताच, पेट स्कॅन होता, म्हणजे शिरेतून किंचित किरणोत्सारी ग्लुकोज सोडतात आणि मेंदूचा कुठला भाग ते कमी खातोय ते बघतात. आता १०० टक्के कशाचे, तर ज्यांना पुढे खरंच अल्झायमर निघाला ते सगळे एआयने पकडले, एवढंच. पण ज्यांना नाही निघाला त्यांच्यातले पण साधारण १८ टक्के त्याने आजारी ठरवले, हे मेसेजवाल्याने सोयीस्कर गाळलंय! आणि हे आकडे ज्या वेगळ्या चाचणीतले, ती झाली फक्त ४० जणांवर. सहा वर्षं हीसुद्धा सरासरी बरं का.