शाळेपुढच्या रंगीत पाऊचचा नमुना कोण घेणार?

ऊन तापलं की परभणी-जालन्याकडं पाहुण्यापुढं पाण्यामागून थंडा येतोच. अन् त्याच सुमारास व्हॉट्सॲपवर तो व्हिडिओ फिरायला लागतो, कोल्ड्रिंक ओतलं की संडास चकाचक! अहो, लिंबाच्या रसानंही डाग निघतात. म्हणून काय सरबत बंद करायचं? खरी काळजी वेगळीच आहे.

2003 साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं 12 नामांकित ब्रँडची शीतपेयं प्रयोगशाळेत तपासली. लिंडेन, डीडीटी, मॅलेथिऑन, क्लोरपायरीफॉस अशा कीटकनाशकांचे अंश निघाले. शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संसदेची समिती बसली, तिनंही 2004 मध्ये ते निष्कर्ष उचलून धरले. कीटकनाशकं आली भूजलातून, असं संस्थेचं म्हणणं होतं. आपल्या कापूसपट्ट्यात हे वेगळं समजावायला नको, बोअर आणि फवारणीचा पंप एकाच वावरात.

पण मोठ्या बाटलीवर निदान आयएनएस 211, म्हणजे पेय टिकवायचं रसायन सोडियम बेंझोएट, असं छापलेलं तरी असतं. शाळेपुढच्या टपरीवरच्या रंगीत पेयाच्या पाऊचवर ना पत्ता, ना तारीख, ना परवाना नंबर.

नववीच्या पोरांना वर्गात करून दाखवलं. नारंगी पाऊच भांड्यात ओतला, थोडं व्हिनेगर, त्यात पांढऱ्या लोकरीचा धागा टाकून उकळला. धागा भडक नारंगी. नळाखाली कितीही चोळा, रंग हलेना. म्हणजे रंग कृत्रिम, एवढंच कळलं. तो परवानगीच्या आठ रंगांतला आहे का आणि किलोमागं 100 मिलिग्रॅमच्या मर्यादेत आहे का, हे धागा सांगत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते.

कायद्यात सोय आहे बरं का. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 40 प्रमाणं कुठलाही ग्राहक फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. माल निकृष्ट निघाला तर फी परत. अट एकच, विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचं की मी हे तपासायला नेतोय. आता गावात टपरीवाला आपलाच भावकीतला, कोण तोंड उघडणार?

म्हणून हे काम सरकारी अधिकाऱ्यानंच करावं. त्यानं नमुना घेतला तर त्याचे चार भाग होतात, अहवाल 14 दिवसांत द्यायचा असतो. दिवाळीला खव्यावर धाडी पडतात, तशा मार्च-एप्रिलमध्ये या पाऊचवर का पडत नाहीत? छापा टाकल्याची बातमी पेपरात येते, पुढं अहवालाचं काय झालं ते कुणी सांगत नाही. तो अहवाल ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या फलकावर लागला पाहिजे, पाऊच बनवणाऱ्याच्या नावानिशी.