वेबसाइट नाही म्हणून कुणाचा जीएसटी नंबर रद्द होत नाही

सांगली-मिरजेच्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. तो थोडक्यात असा: "सर्व लहान व्यापाऱ्यांनी लक्ष द्या. नव्या नियमानुसार स्वतःची वेबसाइट नसलेल्यांचा जीएसटी नंबर रद्द होणार. एकदाच १४,९९९ रुपये भरा, डोमेन आणि होस्टिंग आयुष्यभर मोफत. डोमेनची सगळी कटकट आमच्याकडे, तुम्ही फक्त धंदा बघा. सरकारमान्य एसएसएल सर्टिफिकेटचे वेगळे ५,००० रुपये. गुगलवर तीस दिवसांत पहिला नंबर, लेखी गॅरंटी. फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपवरचा धंदा कधीही बंद पडू शकतो, म्हणून आजच आधार, पॅन आणि मोबाईलवर येणारा ओटीपी पाठवा." वर अशोकस्तंभाचं चित्र, खाली दहा व्यापाऱ्यांना पुढे पाठवण्याची विनंती.

माझ्या मामांचं गणपती पेठेत हळद-मसाल्याचं दुकान आहे. त्यांनी तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "मुदत संपत आलीया म्हणं. पैसे भरू का?" आयुष्यभर उधारीचा पैसा न् पैसा लक्षात ठेवणारा माणूस एका चित्राला घाबरून वीस हजार द्यायला निघाला, याचा मला संताप आला. मामांसारखे आणखी किती जण पैसे भरायच्या बेतात असतील! म्हणून हे लिहितोय.

आधी जीएसटीचं. असा नियम नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम २९ मध्ये नोंदणी कशामुळे रद्द होते ते दिलंय: रिटर्न न भरणं, कायदा मोडणं, खोटी माहिती देऊन नोंदणी घेणं, नोंदणी घेऊन धंदाच सुरू न करणं. जाहीर केलेल्या पत्त्यावर धंदा सापडला नाही तरी रद्द होते. यात वेबसाइट कुठेच नाही. अधिकाऱ्याला नोंदणी रद्द करायची असली तरी आधी आरईजी-१७ या नमुन्यात नोटीस काढावी लागते आणि उत्तर द्यायला कामाचे सात दिवस मिळतात. ती नोटीस जीएसटीच्या पोर्टलवर तुमच्या खात्यात दिसते. कुणाच्या ग्रुपवर फॉरवर्ड होऊन येत नाही. उलट नियम १८ सांगतो, की नोंदणीचं प्रमाणपत्र दुकानात लावा आणि जीएसटी नंबर दुकानाच्या पाटीवर लिहा. ज्यांच्या पाटीवर तो नाही त्यांनी रंगाऱ्याला बोलवावं, तो खर्च खरंच कायद्याने सांगितलेला आहे.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याने सांगायला हवी होती आणि नेमकी तीच सांगितली नाही. मामा कंपोझिशनमध्ये, म्हणजे लहान व्यापाऱ्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत आहेत. कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही. मिरज ओलांडलं की कागवाड, आणि कागवाड कर्नाटकात. वेबसाइट पाहून उद्या अथणीच्या कुणी दोन किलो हळद मागवली, तर मामांना ती पाठवता येणार नाही. पाठवायची तर कंपोझिशन सोडून नेहमीच्या नोंदणीत यावं लागेल. आणि ज्यांची नोंदणीच नाही, त्यांनाही परराज्यात करपात्र माल पाठवायचा तर उलाढाल कितीही लहान असो, बहुतेक वेळा आधी नोंदणी घ्यावी लागते. म्हणजे वेबसाइट आणि जीएसटीचा संबंध आहे, पण तो या बाजूने. पैसे घेणाऱ्याने हे आधी विचारायला नको?

आता ज्या वाक्याने मी हादरलो ते वाक्य. "डोमेनची सगळी कटकट आमच्याकडे." बाकी सगळी थाप एका बाजूला आणि हे एक वाक्य एका बाजूला, कारण बाकीच्यांत पैसे जातात, यात नाव जातं.

डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव-पत्ता, जे लोक मोबाईलवर टाकतात ते. ते कुणी कुणाला आयुष्यभरासाठी विकूच शकत नाही. डॉट कॉमसारखी नावं ज्या आयकॅन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांखाली चालतात, तिथे एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांची नोंदणी होते. पुढे दरवेळी नूतनीकरण. आपलं डॉट इन निक्सी ही भारतीय संस्था सांभाळते, तिथेही मुदतीचीच नोंदणी. मग "आयुष्यभर" म्हणजे काय? म्हणजे हा माणूस पहिल्या वर्षाचे हजाराच्या आसपासचे पैसे भरणार आणि पुढची वर्षं तो भरेल असा आपण विश्वास ठेवायचा. नाही भरले तर विचारायला जाणार कुठे?

त्याहून वाईट भाग नाव कुणाच्या नावावर नोंदवलं जातं हा आहे. आयकॅनचा एक नियम प्रत्येक दुकानदाराने लक्षात ठेवावा असा आहे. डोमेनची मुदत संपण्याच्या साधारण महिनाभर आधी एक आणि आठवडाभर आधी दुसरी, अशा सूचना नोंदणी कंपनीने पाठवल्याच पाहिजेत, आणि मुदत संपल्यावर नूतनीकरण झालं नसेल तर पाच दिवसांच्या आत आणखी एक. २०१३ पासून हे बंधनकारक आहे. चांगला नियम आहे. पण त्या सूचना जातात कुणाला? नोंदणीत ज्याचं नाव आणि ईमेल आहे त्याला. तिथे वेबसाइट करणाऱ्याचा ईमेल असेल तर सूचना त्याला जाणार, तुम्हाला कळणारसुद्धा नाही. मुदत संपून नाव रद्द झाल्यावरही डॉट कॉमसारख्या नावांना तीस दिवसांची परत मिळवण्याची सवलत असते, तिथे दंडासारखी मोठी रक्कम भरावी लागते. पण ती सवलतही ज्याच्या नावावर नोंद आहे त्याचीच. तीस दिवस गेले, की त्यानंतर काही दिवसांतच ते नाव जगात कुणालाही घेता येतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मिरजेत सतार आणि तंबोरे बनवणाऱ्या एका कारागिराचं असंच झालं. पिढीजात काम, देशभरातून वादक येणार, म्हणून मुलाने हौसेने वेबसाइट करून घेतली. करणाऱ्याने डोमेन स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या ईमेलवर घेतलं. पुढे त्याने तो धंदा सोडला, गाव सोडलं, फोन लागेना. मुदत संपून नाव सुटलं आणि भलत्याच कुणीतरी उचललं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, लोक मिरजेचे कारागीर शोधू लागले, आणि यांच्या कार्डावर छापलेला पत्ता उघडला की सट्ट्याच्या जाहिराती दिसत होत्या. ज्या घराण्याचं नाव तारा जुळवण्यात गेलं, त्यांच्या नावाखाली सट्टा! कार्डं फाडली, पेट्यांवरचे स्टिकर खरवडून काढले. नवं डोमेन घेतलं, पण जुन्या गिऱ्हाईकाच्या वहीत अजून जुनंच नाव आहे.

दुकान बांधणाऱ्या गवंड्याच्या नावावर आपण जागेचा सातबारा करत नाही. डोमेनचंही तसंच धरा. काम कुणालाही द्या, भाच्याला द्या, कॉलेजच्या पोराला द्या, पण डोमेनची नोंदणी मालकाच्या नावावर, मालकाच्या ईमेलवर, मालकाच्या मोबाईलवर. पैसेही मालकाच्या कार्डावरून किंवा यूपीआयवरून गेले, तर पावती आपल्याकडे राहते. ईमेल असा द्या, की जो पुढची दहा वर्षं तुम्ही उघडणार आहात. लुकअप डॉट आयकॅन डॉट ओआरजी या पानावर कुठल्याही डॉट कॉम नावाची मुदत कधी संपते आणि नोंदणी कोणत्या कंपनीत आहे ते फुकट दिसतं. मालकाचं नाव हल्ली बहुतेकदा झाकलेलं असतं, म्हणून तेवढ्यावर भागत नाही. खात्याचं लॉगिन आपल्या हातात आहे का, हे एकदा स्वतः उघडून बघाच.

एसएसएलचं लवकर आटोपतो. साइटच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह दिसण्यासाठी ते प्रमाणपत्र लागतं, हे खरं (क्रोमने ते चिन्ह २०२३ मध्ये काढलं, पण प्रमाणपत्र लागतंच). २०१८ पासून ते नसलेल्या साइटवर क्रोम ब्राउझर "सुरक्षित नाही" असं लिहितो, तेही खरं. पण "सरकारमान्य" असं त्यात काही नाही, आणि पाच हजार तर अजिबात नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा २०१५ च्या अखेरीपासून ते सगळ्यांना फुकट देते आणि बहुतेक होस्टिंगवाले, म्हणजे साइट ठेवायला इंटरनेटवर जागा देणारे, ते आपोआप बसवून देतात. शिवाय त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की मधल्यामध्ये कुणी माहिती वाचू शकत नाही. समोरचा दुकानदार प्रामाणिक आहे असा त्याचा अर्थ होत नाही. फसवणाऱ्यांच्या साइटवरही ते कुलूप असतं.

गुगलवर पहिल्या नंबरची गॅरंटी. गुगलने स्वतःच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहून ठेवलंय, की पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, आणि अशी हमी देणाऱ्यापासून सावध राहा. नैसर्गिक निकालात वर येण्यासाठी गुगल पैसे घेत नाही. पैसे देऊन जे वर दिसतं ती जाहिरात, आणि तिच्यावर तसं लिहिलेलं असतं. पैसे थांबले की ती जाते. मग लेखी गॅरंटी कोणत्या शब्दासाठी? "सांगलीची राजापुरी हळद" यासाठी, की मामांच्या दुकानाच्या पूर्ण नावासाठी, जे दुसरं कुणी शोधतच नाही? मेसेजमध्ये ते लिहिलेलं नाही.

गणपती पेठेत येणारं गिऱ्हाईक तरी गुगल मॅप बघूनच येतं. तिथे दुकानाची नोंद करायला एक रुपया लागत नाही. दुकानाची वेळ, फोन, पाटीचा फोटो, पोत्यातल्या हळकुंडांचा फोटो टाका आणि विचारणाऱ्याला उत्तर द्या. हे काम आधी करा. वेबसाइट त्यानंतर.

फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपवरचा धंदा कधीही बंद पडू शकतो, हे वाक्य मात्र मला मान्य करावं लागतं. जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं आणि त्यावर गिऱ्हाईक जमवलेल्यांचं ते एका रात्रीत गेलं. गुगलच्या व्यवसाय नोंदीबरोबर फुकट मिळणाऱ्या छोट्या वेबसाइट होत्या, त्या मार्च २०२४ मध्ये गुगलनेच बंद केल्या. तेव्हा स्वतःचं नाव आणि स्वतःचं पान असावं, यात वाद नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मानांकन मिळालंय, ती कशी शिजवतात, वाळवतात, हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, ती कशी साठवायचे, हे सांगणारं आपलं चार पानांचं ठिकाण असलं तर मला आनंदच होईल. पण ही खरी गोष्ट सांगून पुढे आपलंच डोमेन दुसऱ्याच्या ताब्यात द्यायला सांगणं, हा या मेसेजमधला सगळ्यात दुष्ट भाग आहे.

वेबसाइटवरून थेट ऑर्डर आणि पैसे घ्यायचे असतील, तर २०२० चे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमही लागतात. धंद्याचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार ऐकणाऱ्याचं नाव साइटवर द्यावं लागतं, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करावं लागतं. हळदीच्या पाकिटावर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा संस्थेचा चौदा आकडी नंबर तर लागतोच. दुकानात एकटा माणूस असेल, तर फोन नंबर आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण असलेलं साधं पान सुरुवातीला पुरे, असं माझं मत आहे.

शेवटी आधार, पॅन आणि ओटीपी. वेबसाइट करणाऱ्याला ओटीपी सांगायचं एकही कारण नाही. ओटीपी हवाच असेल तर आपण स्वतः आपल्या मोबाईलवर, आपल्यासमोर उघडलेल्या पानावर टाकायचा, फोनवर सांगायचा नाही. "सरकारी" म्हणून पैसे मागणाऱ्या लिंकचा शेवट बघा, सरकारी संकेतस्थळं डॉट गव्ह डॉट इन किंवा डॉट निक डॉट इन वर संपतात. उद्यम नोंदणीसुद्धा फुकट आहे, तिच्याही नावाने पैसे उकळणारे आहेत.

मामांना मी सांगितलं, पैसे भरू नका. ज्यांनी या मेसेजवर आधीच पैसे भरलेत, त्यांनी लाजू नये. ओटीपी दिला असेल किंवा खात्यातून पैसे गेले असतील, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडकवण्याची शक्यता जास्त. वेबसाइट झालेली असेल, तर करणाऱ्याकडे लेखी मागा: डोमेन कोणत्या कंपनीत आहे, कुणाच्या नावावर आहे, मुदत कधी संपते, आणि नाव दुसरीकडे हलवण्यासाठी लागणारा ऑथ कोड. डॉट कॉमसारख्या नावांसाठी मागणी केल्यावर पाच दिवसांत तो कोड देणं आयकॅनच्या नियमाने नोंदणी कंपनीवर बंधनकारक आहे, पण मागणारा नोंदीतला मालक असावा लागतो. नोंद त्याच्या नावावर असेल, तर वाद वाढायच्या आत, तो फोन उचलतोय तोवर, ती बदलून घ्या.